कॅमेऱ्याला जामीन कोण?

लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, बैल असा सगळा बाजार तिथं लागतो. नांदेडला नोकरीला असलेल्या माणसानं एकदा तरी ही यात्रा बघावी. घोडा घ्यायची ऐपत नसली तर घोडा घेणाऱ्याकडे बघावं. तो आधी जनावराचं तोंड उघडून दात बघतो, मग पाय उचलून खूर बघतो, मग चार पावलं चालवून बघतो. दलाल शेजारी उभा राहून त्या घोड्याच्या सात पिढ्यांचं गुणगान करीत असतो, पण गिऱ्हाईक ते ऐकल्यासारखं करतं आणि दलालही ऐकवल्यासारखं करतो. शेवटी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. दलालाच्या शब्दाला अगदीच किंमत नसते असं नाही, पण ती दात बघून झाल्यावर.

कॅमेऱ्याला दात नसतात, इथून माझ्या विषयाला सुरुवात होते.

कॅमेऱ्याचं तोंड उघडलं तर आत अंधार दिसतो. चालवून बघायचा म्हटलं तर दुकानदार काचेच्या कपाटाची किल्ली कंबरेला लावून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. अशा बिनदाती वस्तूंविषयी छातीठोक बोलणाऱ्या माणसांचा एक वर्ग मग जगात निर्माण झाला. त्यांना परीक्षक म्हणतात. एरवी या मंडळींचं बरं चाललं होतं. पण रोल जाऊन डिजिटल आलं त्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांची जी परीक्षा झाली, तशी बिचाऱ्या कॅमेऱ्यांचीही झाली नसेल.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. फोटोग्राफीशी माझा संबंध दोनच बाजूंनी आला. लातूरला आमच्या गल्लीत फोटोवाले काका राहत, ही एक. आणि नांदेडला फोटो स्टुडिओंच्या कर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून जात, ही दुसरी. त्यामुळे हा इतिहास इतरांनी लेन्समधून पाहिला, मी कर्जखात्यातून पाहिला. कर्जखात्यातून माणसाच्या शब्दाचा टिकाऊपणा जरा लवकर दिसतो.

आमच्या भागात फोटोग्राफरची पत ठरवण्याची जुनी पद्धत सोपी होती. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात. निजामाच्या दरबारी होते लाला दीनदयाळ. शिक्षण रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, नोकरी इंदूरला बांधकाम खात्यात आणि नाव झालं कॅमेऱ्यामुळं. सहाव्या निजामानं त्यांना पदरी ठेवलं आणि ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ असा किताब दिला. एवढा लांब किताब मिळाल्यावर ‘तुमचा कॅमेरा कोणत्या कंपनीचा?’ असं विचारायची कोणाची छाती! मुंबईची तऱ्हा निराळी. तिथं १८५४ सालीच बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले एक प्रमुख सभासद. तिथली मंडळी आपण काढलेले फोटो आणि ते काढण्याची रीत एकमेकांपुढं मांडत. एकीकडं दरबार सांगेल ते खरं, दुसरीकडं प्रिंट टेबलावर ठेवा मग बोलू. पुढच्या दीडशे वर्षांत या दोन पद्धतींत फारशी भर पडली आहे असं मला वाटत नाही. दरबार तेवढे बदलले.

आमच्या काकांचा स्टुडिओ लातूरच्या गंजगोलाईत होता. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे कोणत्याही रस्त्यानं आलं तरी काकांचं दुकान ‘थोडं पुढं’च यायचं. आग्फा क्लिक थ्री या देशी डब्यावर त्यांनी सुरुवात केली. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल कधी पूर्व जर्मनीतून आलेला ऑर्वो, कधी उटीच्या सरकारी कारखान्यातला इंदू. कोणता कॅमेरा घ्यावा असं विचारायला माणूस आला की काका आधी विचारत, “फोटू कोण काढणार हाय?”

“मीच काढणार की.”

“मग कोणता बी घे.”

कॅमेऱ्यांविषयी इतका थोडक्यात सल्ला मी नंतर कुठंही वाचला नाही. पण लोक काकांचं ऐकत, त्याचं कारण त्यांचं ज्ञान नव्हतं. लग्नाचा फोटो काकांनी काढला की जावळाचाही तेच काढणार, शाळेच्या फॉर्मवरचाही तेच आणि शेवटी भिंतीवर हार घालून लावायचाही तेच मोठा करून देणार. एवढा लांबचा हिशोब असलेला माणूस शे-दोनशे रुपयांसाठी खोटं बोलत नाही. बोललाच तर दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात गाठ असते.

आता डिजिटल कॅमेऱ्याचं जगातलं पहिलं परीक्षण कोणी केलं ते सांगतो. १९७५ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत रॉचेस्टरला, कोडॅक कंपनीत, स्टीव्हन सॅसन नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरनं एक यंत्र जुळवलं. वजन ३.६ किलो, आत १६ बॅटऱ्या, चित्र साठवायला साधी कॅसेट. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि ते असायचं काळंपांढरं, १०० बाय १०० ठिपक्यांचं. म्हणजे आजच्या भाषेत ०.०१ मेगापिक्सेल. बघायचं टीव्हीच्या पडद्यावर. सॅसननं ते कंपनीच्या साहेबांना खात्याखात्यांतून दाखवलं. साहेबांनी विचारलं, टीव्हीवर स्वतःचे फोटो बघत बसायला कोणाला आवडेल? कागदावरच्या फोटोबद्दल तर आजवर कोणाची तक्रार नाही.

त्या खोलीत जी माणसं बसली होती त्यांच्याइतकी फोटोग्राफी जाणणारी माणसं जगात शोधून सापडली नसती. पण प्रत्येकाचा पगार रोल, कागद आणि रसायनं यांच्या विक्रीतून निघत होता. आमच्या कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो: ‘अर्जदाराचे बँकेच्या संचालकांशी नाते आहे काय?’ लोक तिथं डोळे झाकून ‘नाही’ लिहितात. परीक्षणाच्या डोक्यावर असा रकाना असता तर निम्मी परीक्षणं वाचायची गरज उरली नसती.

हा किस्सा सांगून कोडॅकला मूर्खात काढायची अलीकडे फॅशन आहे. मला ती पसंत नाही. त्याच कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी रंग ओळखणाऱ्या जाळीचं पेटंट १९७६ साली मिळवलं आणि आज तुमच्या-आमच्या खिशातल्या फोनपर्यंत बहुतेक कॅमेऱ्यांत ती जाळी आहे. निकॉनच्या एफ थ्री कॅमेऱ्याला आपलं यंत्र जोडून १.३ मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा बातमीदारांना विकणारी कंपनी, १९९१ साली, कोडॅकच. २००५ साली अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत पहिला नंबर कोडॅकचा होता. आणि जानेवारी २०१२ मध्ये हीच कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात उभी राहिली. रोल दर लग्नाला पुन्हा विकत घ्यावा लागे, कॅमेरा एकदाच. कोडॅक झोपलं होतं म्हणणाऱ्यानं ताळेबंद वाचलेला नाही, एवढंच मी वाणिज्य शाखेच्या वतीनं नमूद करतो.

दुसऱ्या टोकाचे परीक्षकही होतेच. ऑगस्ट १९८१ मध्ये सोनीनं टोकियोत माविका नावाचा कॅमेरा दाखवला. फिल्म नाही, चित्र छोट्या चुंबकी तबकडीवर. लगेच काहींनी फिल्मचं तेरावं उरकून टाकलं. वास्तविक तो कॅमेरा डिजिटल नव्हताच. व्हिडिओचं एक चित्र थांबवून तबकडीवर घ्यावं तसा प्रकार. फिल्म त्यानंतर चांगली वीस वर्षं जगली, वरातीत नाचली. एकजण म्हणाला कधीच होणार नाही, दुसरा म्हणाला उद्याच होईल. दोघांच्याही कागदावर तारीख नव्हती. रोलच्या डब्यावर ‘या महिन्यापूर्वी वापरा’ असं छापलेलं असायचं. ते परीक्षणावरही छापायला पाहिजे होतं.

नांदेडात हे वारं पोचायला २००३ साल उजाडलं. तोवर परदेशात १९९५ सालचा कॅसिओचा, मागं छोटा पडदा असलेला कॅमेरा येऊन जुना झाला होता, १९९९ साली २.७ मेगापिक्सेलचा निकॉन डी वन येऊन वृत्तपत्रांत शिरला होता, आणि २००३ च्या उत्तरार्धात कॅननचा ३००डी हजार डॉलरांच्या आत आला. इकडे वजिराबाद, श्रीनगर, शिवाजीनगर भागातले स्टुडिओवाले एकेक करून आमच्या शाखेच्या पायऱ्या चढू लागले. २००८ च्या ऑक्टोबरात गुरु-ता-गद्दीचा तीनशे वर्षांचा सोहळा नांदेडला होणार, जगातून भाविक येणार, हे कळल्यावर तर रांगच लागली.

अर्जासोबत कोटेशन, दुकानाचं भाडेपत्र, शॉप ॲक्टचा दाखला आणि एखाद्या इंग्रजी मासिकातल्या परीक्षणाची झेरॉक्स. ‘बेटर फोटोग्राफी’ हे मासिक मुंबईहून १९९७ पासून निघत होतं, आणखीही काही येत. कर्जाच्या फायलीत परीक्षण जोडावं ही कल्पना कोणाची कोण जाणे, पण एकानं जोडलं म्हणून सगळे जोडू लागले. एका अर्जासोबतच्या झेरॉक्समध्ये डावीकडं कॅमेऱ्याचं पाच ताऱ्यांचं परीक्षण आणि उजवीकडं त्याच कॅमेऱ्याची पानभर जाहिरात होती. दोन्हींच्या मध्ये मासिकाची पिन. ते मासिक कोणतं, हे सांगून उपयोग नाही. ते बंद पडलं.

आमच्या तेव्हाच्या शाखाधिकाऱ्यांचा अनुभव म्हशींच्या कर्जाचा. म्हशीला ते ‘दूध किती?’ विचारत, कॅमेऱ्याला ‘मेगापिक्सेल किती?’ विचारू लागले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण परीक्षकही तेच विचारत होते. तीनचा कॅमेरा आला की दोनचा भंगार, पाचचा आला की तीनचा भंगार. आता मी आकडेमोडीचा माणूस. फायल बांधता बांधता गणित केलं. आपल्याकडे घरोघर फोटो छापत ते चार बाय सहा इंचाचे, ज्याला लॅबवाले मॅक्सी म्हणतात. इंचाला ३०० ठिपके धरले तर १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार. दोन मेगापिक्सेलला थोडं जास्त. मेगापिक्सेल दुप्पट केले तरी फोटोची रुंदी दुप्पट होत नाही, जेमतेम १.४ पट होते. म्हणजे मॅक्सी साइझच्या गिऱ्हाइकासाठी गोष्ट अडीच-तीनवरच संपली होती, बाकीची वरात पुढं निघाली ती बँडच्या जोरावर.

आणि गंमत बघा. नेमके त्याच सुमारास लग्नाचे ते करिझ्मा अल्बम आले. दोन पानं उघडली की १२ बाय ३६ इंच. त्याला त्याच हिशोबानं जवळजवळ ३९ मेगापिक्सेल लागतात. नांदेडात कोणाकडेही तसा कॅमेरा नव्हता. पण एकाही वधूपित्याची तक्रार आली नाही, कारण दोन पानांत नवरा-नवरी वीतभर असायची आणि बाकी सगळं डिझायनरनं आणून बसवलेलं स्वित्झर्लंड.

परीक्षकांच्या इज्जतीचा खरा खटला मात्र याआधीच, २००० साली, कॅनडातल्या टोरांटोत उभा राहिला होता. मायकेल रायशमन नावाचे एक अनुभवी फोटोग्राफर. त्यांनी कॅननचा तीन मेगापिक्सेलचा डी ३० आणि फुजीची प्रोव्हिया ही उत्तम समजली जाणारी फिल्म यांची झुंज लावली, आणि जाहीर केलं की डिजिटलची प्रिंट फिल्मच्या तोडीस तोड आहे, किंबहुना वरचढ. हे ऐकून अर्ध्या जगानं त्यांना वेड्यात काढलं. फिल्मच्या त्या छोट्याशा तुकड्यात दहा मेगापिक्सेलच्यावर माल असतो, तीन दहाला कसे हरवतील? विरोधकांनी बारीक रेघांचे तक्ते पुढं केले. त्यांचं गणितही बरोबर होतं.

मग खरं कोण? माझ्या मते दोघंही, आणि इथंच सामान्य गिऱ्हाईक गोंधळतं. तक्तेवाले रेघा मोजत होते, रायशमन प्रिंट बघत होते. फिल्म स्कॅन करून मोठी केली की तिच्यात बारीक रवा दिसतो. डिजिटलमध्ये आभाळ तुपासारखं सपाट येतं, आणि माणसाचा डोळा स्वच्छतेलाच स्पष्टता समजतो. (आमच्या शाखेत नवा रंग दिला तेव्हा कामकाज सुधारल्याची पत्रं आली होती.) रायशमनांवर विश्वास ठेवावासा वाटतो तो ते बरोबर ठरले म्हणून नव्हे. फिल्म कोणती, कॅमेरा कोणता, स्कॅन करून केवढी प्रिंट काढली हे सगळं त्यांनी सांगून टाकलं होतं. ज्याला पटत नाही त्यानं घरी करून बघावं. माळेगावच्या दलालानं स्वतःच घोड्याचं तोंड उघडून धरावं, तसं. दोन वर्षांनी, ११ मेगापिक्सेलचा १डीएस आला तेव्हा त्यांनी तो थेट मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याशी लढवला आणि पुन्हा शिव्या खाल्ल्या. २०१६ साली ते वारले. त्यांना शिव्या देणारे बहुतेक तोवर डिजिटलवरच फोटो काढत होते.

दुसरे एक गृहस्थ फिल ॲस्की. त्यांनी १९९८ च्या शेवटाला परीक्षणं सुरू केली. त्यांची युक्ती अगदी तलाठ्याची: प्रत्येक कॅमेऱ्यानं तेच टेबल, त्याच बाटल्या, तोच रंगांचा तक्ता टिपायचा. साखळी एकच असली की कोणाचं शेत मोठं ते आपोआप कळतं. लोकांचा इतका विश्वास बसला की २००७ साली ॲमेझॉननं तो सगळा व्यवहारच विकत घेतला. दुकानदारानं तराजूवाल्याला नोकरीला ठेवावं तसं. तराजू बिघडला असं मला म्हणायचं नाही, पण बघणाऱ्याची नजर बदलते की नाही? २०२३ च्या मार्चमध्ये ॲमेझॉननं हे दुकान बंद करतो म्हणून जाहीर केलं, तेव्हा हळहळणाऱ्यांत तराजूवर शंका घेणारेही होते. शेवटी जूनमध्ये दुसऱ्या एका कंपनीनं ते घेतलं आणि टेबलावरच्या बाटल्या वाचल्या.

टोकियो, टोरांटो, लंडन, मुंबई, सगळीकडची परीक्षणं माझ्या फायलींत आली. पण एकाही परीक्षणात भारनियमन हा शब्द नव्हता. त्या वर्षांत नांदेड-लातूरच्या खेड्यांत वीज कधी येते हे सांगायला ज्योतिषी लागे. कॅमेऱ्याची बॅटरी लग्नाआधी भरायची कुठं? फोटो काँप्युटरवर चढवता चढवता लाइट गेली तर? म्हणून इन्व्हर्टर, यूपीएस, एक जादा बॅटरी, एक जादा कार्ड. पासष्ट हजारांच्या कॅमेऱ्याच्या कोटेशनला शेपूट लागता लागता प्रकरण दीड लाखावर जाई. अक्षय्य तृतीयेच्या लग्नात बेचाळीस-चव्वेचाळीस अंश ऊन, मांडवात उडणारी हळद, लेन्स बदलताना आत शिरणारी धूळ. वजिराबादेतला एक फोटोग्राफर कॅमेरा घेण्याआधी परभणीच्या ओळखीच्या माणसाला फोनवर एवढंच विचारत होता, “हळदीत चाललाय का?” पलीकडून ‘दोन सीझन चालला’ म्हणून आलं आणि त्यानं अर्जावर सही केली. परीक्षणाची झेरॉक्स मग शाखाधिकाऱ्यांसाठी लावली.

दुसरी भानगड घसाऱ्याची. काकांचा फिल्मचा कॅमेरा वीस वर्षं चालला. बँकेचं कर्ज साठ हप्त्यांचं. डिजिटल कॅमेरा चोवीसाव्या हप्त्याला ‘जुना’ व्हायचा, आणि तो जुना झाल्याचं जाहीर करणारा परीक्षक तोच, ज्यानं दोन वर्षांपूर्वी ‘पुढची अनेक वर्षं पुरेल’ असं लिहिलेलं असायचं. कॅमेऱ्यावर ‘बँकेकडे नजरगहाण’ असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं तसंच, आणि मांडवातले पाहुणे विचारायचे, “ह्याचे पिक्सेल किती?” हप्ते भरायला परीक्षक येत नाहीत. जानेवारी २००६ मध्ये निकॉननं बहुतेक फिल्म कॅमेरे थांबवले आणि त्याच महिन्यात कोनिका मिनोल्टा या धंद्यातूनच उठून गेली, तेव्हा त्या कंपनीची चांगली चांगली यंत्रं घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या फायलींतही उत्तम परीक्षणं होती.

बँकेत आम्ही माणसाचा शब्द एका गोष्टीवर तोलतो. तो फॉर्मच्या शेवटच्या पानावर सही करतो का? जामीनदार. अर्जदार पळाला तर हप्ता कोण भरणार, त्याचं नाव. रघु रायांसारखा माणूस, ज्यांच्या पाठीशी १९६० च्या दशकापासूनच्या निगेटिव्ह होत्या, २००३ साली मुंबईत एका मासिकाच्या कामावर निकॉन डी १०० हातात घेतो आणि नंतर फिल्मकडे वळत नाही. माझ्या हिशोबी ही जामिनकी. त्यानं आपलं पुढचं काम त्या यंत्राच्या नावावर लिहून दिलं. तारे वाटणाऱ्यानं काय लिहून दिलं?

लातूरला काकांचा मुलगाही डिजिटलसाठी मागं लागला होता. परीक्षणं वाचून दाखवायचा, मीही सुट्टीला गेलो की मेगापिक्सेलचं गणित मांडायचो. काका सगळं ऐकून घेत आणि एकच विचारत, “समदं बरोबर हाय. निगेटिव्ह कुठं हाय?”

हा प्रश्न त्यांच्याकडे कुठून आला ते मला माहीत होतं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून गावं दमून झोपलेली, आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. पुढचे काही महिने काकांच्या दुकानात औसा तालुक्यातली माणसं येत. दगडमातीच्या भिंतींखाली घरं गेली, घरांबरोबर भिंतीवरचे फोटोही गेले. कोणी म्हणे, बहिणीच्या लग्नाचा फोटो तुम्हीच काढला होता. काका बिस्किटांचे पत्र्याचे डबे काढत. डब्यांवर साल आणि तालुका लिहिलेला. निगेटिव्ह उजेडापुढं धरून बघत; त्यात चेहरे काळे आणि केस पांढरे दिसतात, तरी येणारा माणूस ओळखायचा. काका कागदाचे तेवढे पैसे घेत. न घेतले तर लोक घेऊन जात नाहीत, म्हणत.

म्हणून ‘निगेटिव्ह कुठं हाय’. आता बँकेच्या दृष्टीनं बघितलं तर काकासुद्धा हितसंबंधी साक्षीदार. डार्करूम त्यांची, एन्लार्जर त्यांचा, रसायनांच्या बाटल्या त्यांच्या. फिल्म मेली तर दुकान मरणार. कोडॅकच्या साहेबांत आणि त्यांच्यात तत्त्वतः फरक नाही. पण हितसंबंध आहे म्हणून माणूस खोटंच बोलतो असं धरलं तर जगात एकही जामीनदार मिळणार नाही, कारण जामीनदार हा मुळातच गुंतलेला माणूस असतो. साहेबांनी विचारलं होतं, हे कोण बघणार? काकांनी विचारलं, हे नंतर कुठं सापडणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर जगानं दिलं. दुसऱ्याचं परीक्षकांच्या तक्त्यात रकानाच नव्हता. रेघा होत्या, रंग होते, वेग होता, बॅटरी होती. वीस वर्षांनी कोणी मागायला आलं तर, हा रकाना नव्हता.

२००७ साली काकांनी सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतलाच. लॅबवाल्यांनी रोल धुणं कमी केलं होतं, इलाज नव्हता. कर्ज दुसऱ्या बँकेचं, जामीनदार मी. हप्ते त्यांनी मुदतीआधी फेडले. प्रत्येक लग्नाच्या दोन सीड्या करून एक गिऱ्हाइकाला आणि एक स्वतःच्या बिस्किटाच्या डब्यात, वर साल आणि तालुका. त्या सीड्यांनी लातूरचे आठ-दहा उन्हाळे पाहिले आणि पुढं बऱ्याच जणींनी बोलायचं सोडलं.

काका २०१९ साली गेले. मुलगा त्याच दुकानात पासपोर्ट फोटो, मोबाइलचे कव्हर आणि लग्नाचे ड्रोन असा तिहेरी धंदा करतो. मागच्या दिवाळीत मी बसलो होतो तेव्हा पुनर्वसित किल्लारीहून एक बाई आल्या. १९८८ सालच्या लग्नाचा फोटो हवा होता. पोराला वीस मिनिटं लागली. डबा काढला, निगेटिव्ह मोबाइलच्या उजेडावर धरली, मोबाइलनंच टिपली, काळ्याचं पांढरं करून बाईंना दाखवली. त्या बराच वेळ फोन हातात धरून उभ्या होत्या.

त्या गेल्यावर पोरानं काउंटरखालून एक हार्ड डिस्क काढली. २००९ ते २०१२, सव्वाशेच्यावर लग्नं. पुण्याच्या माणसानं आतला माल काढून द्यायचे चाळीस हजार सांगितलेत, म्हणाला. बँकेतून काही जमेल का?

मी सवयीनं विचारलं, “तारण काय देणार?”

त्यानं डिस्क माझ्यापुढं सरकवली. “हीच की. पन उघडंना झालीय.”